टक्क्यांच्या आधी क्रेडिट बघा

अभियांत्रिकीच्या मुलांना शिकवतो. निकाल लागला की स्टाफरूमच्या दारात प्रश्न ठरलेला, "सर, माझे टक्के किती?" त्यांना मी जे सांगतो, ते इथे लिहितो.

१. आधी क्रेडिट बघा. यूजीसीच्या दहा गुणांच्या पद्धतीत 'ओ'ला १०, 'ए प्लस'ला ९, 'ए'ला ८, 'बी प्लस'ला ७, 'बी'ला ६, 'सी'ला ५, काठावर पास झालेल्याला ४ आणि नापासाला शून्य. प्रत्येक विषयाच्या ग्रेड पॉइंटला त्याच्या क्रेडिटने गुणायचं, बेरजेला एकूण क्रेडिटने भागायचं, की त्या सेमिस्टरचा एसजीपीए आला. समजा सेमिस्टर २० क्रेडिटचं आहे. चार क्रेडिटच्या गणितात 'सी'वरून 'बी प्लस'वर गेलात, तर एसजीपीए ०.४ने वाढतो. एका क्रेडिटच्या प्रॅक्टिकलमध्ये 'ए'चा 'ओ' केलात, तर फक्त ०.१ने. दोन्हीकडे चढायच्या पायऱ्या दोनच. तरी मुलं जर्नल सजवत रात्री जागवतात आणि गणितातलं अख्खं युनिट ऑप्शनला टाकतात, तेव्हा जीव तुटतो.

२. सुरुवातीची सेमिस्टर वाया घालवू नका. सहा सेमिस्टर, म्हणजे १२० क्रेडिट झाल्यावर सगळ्या सेमिस्टरचा मिळून येणारा सीजीपीए ६.५ असेल आणि पदवीला ७ हवा असेल, तर उरलेल्या दोन्ही सेमिस्टरमध्ये सरासरी ८.५ लागते. तीही प्रोजेक्ट आणि प्लेसमेंटच्या धावपळीत. हे गणित मी पहिल्या वर्षाच्या वर्गातच फळ्यावर मांडतो. तेव्हा ते कळलं तर उपयोग आहे.

३. टक्के काढायला सरसकट ९.५ने गुणू नका. तो सीबीएसईच्या दहावीचा जुना हिशेब. एआयसीटीईच्या सूत्रात ०.७५ वजा करून दहाने गुणतात, म्हणजे ७.५ सीजीपीएचे ६७.५ टक्के होतात, ९.५ने गुणलं तर ७१.२५. काही विद्यापीठांचं सूत्र आणखी वेगळं असतं. नोकरीच्या फॉर्मवर आपल्या विद्यापीठाचंच सूत्र वापरा आणि परीक्षा विभागाकडून तसा दाखला घेऊन ठेवा.

४. अमेरिकेत पट्टी चारची आहे, म्हणून ७.५चे स्वतःच ३.० करू नका. विद्यापीठाने रूपांतर मागितलं नसेल, तर गुणपत्रिकेवरचा आकडा 'दहापैकी' असा लिहा.

५. पालकांना एक कळकळीचं सांगणं. दोन कॉलेजांतल्या मुलांचे सीजीपीए शेजारी ठेवू नका. कुठे ठरावीक गुणांना ठरावीक ग्रेड असते, कुठे वर्गातल्या बाकीच्या मुलांच्या तुलनेत ती दिली जाते. त्यामुळे ७२ गुणांना एकीकडे 'ए' मिळेल, दुसरीकडे 'बी'. अभ्यास दोघांचा सारखाच असेल.