आधी तास, मग कोपरा

घरात स्वतःचा म्हणून एक कोपरा असावा, हे आता कुणाला पटवून द्यावं लागत नाही. अडतं ते त्यापुढे. कोपरा करायचं ठरलं की बहुतेक घरांची पहिली फेरी दुकानात होते. गालिचा, आरामखुर्ची, पिवळसर उजेडाचा दिवा, दोन कुंड्या, एका भिंतीला वेगळा रंग. काही महिन्यांनी तिथे काय दिसतं, तेही घरोघरी सारखंच: खुर्चीच्या पाठीवर इस्त्रीला द्यायचे कपडे, पायाशी मिक्सरचं रिकामं खोकं (वॉरंटी संपेपर्यंत टाकायचं नाही म्हणून), आणि जुलै उजाडला की डोक्यावर ओल्या टॉवेलांची दोरी. याला लोक आळस म्हणतात. मला ते पटत नाही. ज्या जागेवर ठरलेल्या वेळी कुणी हक्कानं बसत नाही, ती जागा घर आपोआप सामानाला देऊन टाकतं. म्हणून माझं सांगणं असं, की कोपरा करायचा तर आधी वेळ ठरवा, ती घरात सांगा, आणि तेवढ्या वेळात आपल्याला कुणी हाक मारणार नाही हे कबूल करून घ्या. जागा, रंग, दिवा हे सगळं त्यानंतर.

याला सगळ्यात भक्कम दाखला जुन्या घरांचाच आहे. वाड्यात ओटी होती, सोपा, माजघर, माडी, परस होतं. इतकं असून घरातल्या बाईची अशी खोली, बाळंतिणीची अंधारी खोली सोडली तर, सहसा नव्हती. तरीही मराठी बायकांनी केवढं तरी रचून ठेवलं. हेमा राईरकर आणि गी पॉतवँ यांच्या पुढाकारानं महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्यांचा जो संग्रह झाला, तो एक लाखाच्या वर जातो. सासर, भाऊ, विठ्ठल, लेकीचं नशीब, आणि चारचौघांत बोलायची सोय नसलेलं बरंच काही त्यात आहे. हे सुचलं कुठे, तर जात्यापाशी, पहाटे, बाकीचं घर झोपेत असताना. दळणाचं कौतुक मला करायचं नाही. हाडं झिजवणारं काम होतं ते, आणि पिठाच्या गिरण्यांनी त्यातून बायका सुटल्या हे चांगलंच झालं. पण गिरणी आल्यावर जातं काही लगेच घराबाहेर गेलं नाही. जागा तिथेच होती, दगडही तिथेच होता. गेली ती पहाटेची ठरलेली वेळ, आणि तिच्यामागोमाग ओवी गेली.

व्हर्जिनिया वुल्फचं नाव या विषयात हटकून निघतं. लिहू पाहणाऱ्या बाईला स्वतःची खोली हवी, हे तिनं १९२९च्या पुस्तकात मांडलं. मात्र खोलीबरोबर तिनं वर्षाला पाचशे पौंडांचं उत्पन्नही मागितलं होतं, ते आपण सोयीनं विसरतो. उत्पन्न म्हणजे दिवसाच्या वेळेवरची आपली मालकी. आपल्याकडे ही मालकी किती विषम आहे, ते २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात दिसलं. घरातली बिनपगारी कामं करणाऱ्यांमध्ये बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यांत जात होती, पुरुषांची ९७. पाच वर्षांनी, २०२४च्या पाहणीत, हेच आकडे २८९ आणि ८८ झाले. म्हणजे दोघांचाही भार थोडा उतरला, अंतर जवळपास तेवढंच राहिलं. अशा घरात बाईसाठी वाचनाचा कोपरा केला, तर त्या खुर्चीवर बसायला ती येणार कधी? घरातल्या पुरुषाचा कोपरा त्यामानानं सहज टिकतो, याचं कारण त्याला आवड जास्त असते असं नाही. वर्तमानपत्र वाचत बसलेल्या माणसाला डाळ कुठे ठेवलीय हे कुणी विचारत नाही.

पहिला आक्षेप ठरलेला: वेळ-बिळ ठीक, पण जागाच नसेल तर? आक्षेप खरा आहे. मुंबईच्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या एका खोलीत अख्खी कुटुंबं पिढ्यान् पिढ्या राहिली. पुनर्विकासात आता ५०० चौरस फुटांचं घर मिळतंय, आणि त्या फरकाला मी मुळीच हलकं लेखत नाही. दार लावता येणं ही मोठी गोष्ट आहे. पण ५०० फुटांतही माणशी एक खोली होत नाही. तिथेही तोच एक हॉल सकाळी अभ्यासाचा, दुपारी आजीचा आणि रात्री टीव्हीचा असतो, म्हणजे वाटणी शेवटी तासांचीच. छोट्या घरातल्या माणसांना हे चांगलं कळतं. कुणी गच्चीवर जाऊन अभ्यास करायचं, कुणी सगळे कामावर गेल्यावर खिडकीत बसायचं. मोठ्या फ्लॅटवाल्यांना मात्र वाटतं, खोली वाढवली की प्रश्न सुटला.

दुसरा आक्षेप जरा तिखट असतो: एकत्र घरात हे वेगळेपण कशाला, आणि शांतताच हवी तर देवघर आहेच की. देवघर मीही माझ्या बाजूचा पुरावा म्हणूनच मोजतो. वन बीएचकेत ते स्वयंपाकघरातल्या एका फळीवर असतं, वर डब्यांची रांग, शेजारी फ्रिज. तरी पूजा चालू असताना त्या माणसाला कुणी हटकत नाही. म्हणजे एका माणसाला अर्धा तास मोकळं सोडायची रीत घराला येते. तिला देवाशिवायही मान द्यावा, एवढीच मागणी आहे. आणि ही मोकळीक सगळ्यांना मिळावी, सासूबाईंना तशीच सुनेलाही. एकाच्याच वाट्याला आली तर आक्षेप घेणाऱ्यांचं बरोबर ठरेल.

आता जागेकडे येऊ, कारण खरं नुकसान इथे होतं. सर्वांत आधी नजर जाते ती बाल्कनीवर. बाल्कनीचा स्लॅब बहुधा एकाच बाजूनं धरलेला, पुढे झेपावलेला असतो, आणि त्याच्या मुख्य सळ्या वरच्या अंगाला असतात. फरशी उकरून ती हॉलच्या पातळीला आणताना छिन्नी नेमकी तिकडेच जाते. त्यावर कडेला विटांची भिंत घातली की ज्या टोकाला आधार नाही, तिथेच वजन पडतं. महापालिकेची परवानगी आणि सोसायटीची हरकत हे तर वेगळंच. शिवाय आतल्या हॉलचा वारा आणि उजेड जातो तो जातोच. एकाच्या शांततेसाठी बाकीच्यांनी दिवसा ट्यूब लावून बसायचं. हा सौदा मला वाईट वाटतो. स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवल्याशिवाय त्या स्लॅबला हात लावू नका.

आवाजाचंही तसंच. भिंतीला चिकटवायच्या फोमच्या चौकटी विकत घेऊन लोक फसतात. त्यांनी खोलीतला घुमारा कमी होतो, पलीकडचा टीव्ही थांबत नाही. तो येतो हलक्या, पोकळ दारातून आणि दाराखालच्या बोटभर फटीतून. तिथे रबराची पट्टी बसवली आणि टीव्हीच्या भिंतीला पुस्तकांनी गच्च भरलेलं कपाट लावलं, तर पुष्कळ फरक पडतो. कपाट बाहेरच्या, पाऊस झेलणाऱ्या भिंतीला टेकवू नये. चार बोटं जागा सोडावी, नाहीतर ऑगस्टपर्यंत पुस्तकांच्या पाठी बुरशीनं हिरव्या होतात. मुंबई-कोकणात गालिचा घालूच नका, चटई बरी, उचलून उन्हात टाकता येते. आणि दाराची फट बुजवली असेल तर उदबत्ती लावताना खिडकी उघडी ठेवा. इअरफोन लावला की झालं, असं तरुण मंडळी म्हणतात. कान बंद होतात हे खरं, पण खांद्यावर थाप पडायची ती पडतेच.

म्हणून कागदावर लिहायची असेल तर सामानाची यादी राहू द्या, कामांची लिहा. त्या तासात कुकरची शिट्टी कोण मोजणार, सिलिंडरवाल्याला दार कोण उघडणार, मुलाला शाई सांडल्यावर फडकं कोण देणार, हे माणसाचं नाव घेऊन ठरवा. 'बघू कुणीतरी' म्हटलं की तो कुणीतरी कोण असतो, ते घरातल्या बाईला विचारावं लागत नाही. पाहुणे येतील, दहावीचं वर्ष येईल, कुणी आजारी पडेल. तेव्हा तास खुशाल हलवा, मात्र हलवतानाच दुसरी वेळ कोणती, ते घरात सांगून टाका.