बारावीनंतर काय?

बारावीचं वर्ष सुरू झालं की आपल्या घरांत एकच शब्द ऐकू येतो: एटार! किती येईल? कुठली युनिव्हर्सिटी मिळेल? तुमच्याही घरी हेच चालतं ना?

मी महाराष्ट्रात मराठी शाळेत शिकलो. दहावीनंतर माझा मावसभाऊ आयटीआयला गेला आणि वायरमन झाला. नातेवाईक हळूच म्हणाले, "मार्क कमी पडले असतील." मी इंजिनिअर झालो, तेव्हा पेढे वाटले. पुढे मेलबर्नला आमच्या घरातली वीज गेली. इलेक्ट्रिशियन आला आणि पाऊण तासात काम करून गेला. बिल बघून मला मावसभाऊच आठवला.

इथे इलेक्ट्रिशियन व्हायला साधारण चार वर्षं लागतात. म्हणजे पदवीपेक्षा कमी नाहीत! पण अप्रेंटिसला शिकतानाच पगार मिळतो. व्हिक्टोरियात २०१९ पासून टेफचे बरेच कोर्स मोफत आहेत. २०२३ पासून व्हीसीईमध्ये 'व्होकेशनल मेजर' आलं. त्यात मुलं शाळेत असतानाच कामाचा अनुभव घेतात.

या अनुभवाची किंमत मला उशिरा कळली. माझ्याकडे डिग्री होती, पण इथल्या पहिल्या मुलाखतीत विचारलं, "ऑस्ट्रेलियात कुठे काम केलंय?" मी गप्प बसलो.

२०२४ मध्ये 'युनिव्हर्सिटीज अकॉर्ड' हा सरकारी अहवाल आला. देशात काम करण्याच्या वयाच्या साधारण ६० टक्के लोकांकडे शाळेनंतरचं शिक्षण आहे. २०५० पर्यंत ते ८० टक्के व्हावं, असं त्यात म्हटलंय. गंमत म्हणजे या मोजणीत टेफचं शिक्षणही धरलेलं आहे. आपल्या घरांत मात्र अजून फक्त डिग्रीच मोजतात!

डॉक्टर किंवा शिक्षक व्हायचं असेल तर युनिव्हर्सिटी हवीच. पण आज ज्या आरएमआयटीचं नाव आईबाबा अभिमानाने घेतात, ती १८८७ साली 'वर्किंग मेन्स कॉलेज' म्हणून सुरू झाली. दिवसभर राबलेली माणसं संध्याकाळी तिथे शिकायला येत.

शब्दार्थ
पदवी: डिग्री
अहवाल: रिपोर्ट
राबणे: खूप कष्ट करणे

बोला आणि लिहा
१. नातेवाईक हळूच का बोलले असतील?
२. समजा, तुम्हाला टेफला जायचंय. भारतातल्या आजोबांना ते फोनवर मराठीत कसं सांगाल? पाच वाक्यं लिहा. आजोबा काय विचारतील, तेही लिहा.