माणूस खलनायक कसा उभा करावा?

प्रश्न : आम्ही मित्र दादरला 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा भूमिका घेऊन खेळायचा कथाखेळ खेळतो. राक्षस रंगतात, पण माणूस शत्रू आणला की फिका पडतो. काय करावे?

उत्तर : राक्षसाची ताकद नखादातांत असते, माणसाची ताकद दुसऱ्यांच्या गरजेत. परळ-लालबागच्या जुन्या कापड गिरण्यांतला जॉबर, म्हणजे मुकादम, बघा. भरती तोच करी, त्यासाठी दस्तुरी, म्हणजे लाच, घेई तोही तोच. गावाहून आलेल्याला खोली मिळवून देणारा आणि अडीनडीला व्याजाने पैसे देणाराही पुष्कळदा तोच. सकाळी गिरणीच्या दारात बदलीवाले, म्हणजे गैरहजर कामगारांच्या जागी रोजावर लागणारे, ताटकळत उभे असत. आज कोणाला काम मिळणार, हे त्याच्या मानेच्या एका हालचालीवर ठरे. हातात हत्यार नाही, तरी त्याला दुखावणे परवडत नसे. मात्र माणसे पुरवता आली तरच मालकाला त्याची किंमत, म्हणून संपात कामगारांविरुद्ध उघड उभे राहणे त्यालाही जड जाई. मुंबईत १९३५मध्ये बदली-नियंत्रण पद्धत आली, ती त्याची सत्ता आवरण्यासाठीच.

कोणी म्हणेल, असा शत्रू समजून घेतला की लढाईची धार जाते. मला ते पटत नाही. समजणे म्हणजे माफ करणे नव्हे. उलट पेच वाढतो : त्याला मारले, तर उद्या भरती कोण करणार आणि कर्जाची वही कोणाच्या हाती जाणार? खेळाडूंना तलवार उपसण्याआधी थांबवतो तो हाच प्रश्न. तेव्हा पुढच्या डावाआधी खलनायकाच्या कागदावर हत्यारांच्याही वर दोन ओळी लिहा : त्याच्या दारात कोण काय मागायला येते, आणि तो स्वतः कोणाला घाबरतो.