पित्ताशय काढल्यावर जेवायचं काय?

खड्यांमुळे पित्ताशय काढलेल्या काही बाया ऑपरेशननंतर वर्षानुवर्षे पातळ वरणभातावरच राहतात. 'आता पित्तच नाही, तर अंडं-मटण पचणार कसं?' असं त्या आम्हाला विचारतात. अंगात ताकद राहत नाही, ती या भीतीमुळे, ऑपरेशनमुळे नव्हे.

पित्त तयार होतं यकृतात, मटणाच्या दुकानात आपण जिला कलेजी म्हणतो त्या अवयवात. दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर. पित्ताशय ही नुसती साठवणीची पिशवी (गर्भपिशवीशी तिचा संबंध नाही, हेही सांगावं लागतं). तिच्यात जेमतेम ३० ते ५० मिलिलिटर पित्त मावतं. ती काढली तरी पित्त यकृतातून थेट आतड्यात झिरपत राहतं. घरात पिंप नाही, पण नळाला बारीक धार दिवसभर आहे, असं समजा. थोड्या तेलाला ती धार पुरते. एकदम तर्रीदार रस्सा आणि भजी खाल्ली, तर अपुरी पडते.

म्हणून पहिले काही आठवडे तेल कमी ठेवावं. भाकरी, डाळ, उकडलेलं अंडं, तर्री काढलेला रस्सा चालतो. सोसेल तसं नेहमीच्या जेवणावर यावं. सकाळी चहा-बटर खाऊन कामाला जायचं आणि तीन वाजता एकदम पोटभर जेवायचं, हे मात्र सोडावं. तेच जेवण चार वेळा वाटून घ्यावं.

काहींना जेवल्याबरोबर पातळ शौचाला होतं. जास्तीचं पित्त मोठ्या आतड्यात उतरतं, तिथे पाणी सुटतं. बहुतेकांचं हे हळूहळू थांबतं. महिना-दोन महिन्यांत थांबलं नाही, तर डॉक्टरांना सांगावं; पित्त बांधून ठेवणारी पावडर मिळते.

घशाशी आंबट येणं, ज्याला आपण 'पित्त झालं' म्हणतो, ते जठरातलं आम्ल. पित्ताशय काढल्याने ते जाईलच असं नाही.

डोळे पिवळे झाले, लघवी गडद, शौच पांढुरकी झाली, थंडी वाजून ताप आला किंवा पोटात जोराची कळ आली, तर नळीत खडा अडकलेला असू शकतो. तेव्हा कावीळ उतरवणाऱ्याकडे, माळ घालायला जाऊ नये. ऑपरेशनचे कागद घेऊन त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठावं.