ओक बेटावरील गुप्तधनाची आख्यायिका : हरवलेल्या संहितेचे वाचन

कहाणीला आटपाट नगर चालते. आख्यायिकेला मात्र नकाशावरचे ठिकाण लागते. कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांताच्या किनाऱ्यालगतचे ओक बेट हे असे ठिकाण होय. १७९५ मध्ये डॅनियल मॅकगिनिस या तरुणाला तेथे जमीन खचलेली दिसली, खणताना दर दहा फुटांवर ओकच्या ओंडक्यांचे थर लागले आणि पुढे सुमारे ९० फुटांवर अगम्य चिन्हे कोरलेला दगड मिळाला, असे परंपरा सांगते. या वृत्तांताची छापील रूपे मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहेत.

अभ्यासकाने थांबावे ते या दगडापाशी. तो आज उपलब्ध नाही. पुस्तकांतून फिरणारी चिन्हांची आकृती विसाव्या शतकाच्या मध्यावर छापली गेली आणि चाळीस फूट खाली वीस लाख पौंड पुरलेले आहेत, असा तिचा उलगडा केला जातो. म्हणजे मूळ संहिता हरवलेली, पाठ उशिराचा, अर्थनिर्णय मात्र ठाम! हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेत असा पुरावा कोणी उभाही करणार नाही. गुप्तलिपी उलगडून कॅप्टन किडचे धन हस्तगत करण्याची एडगर ॲलन पो यांची ‘द गोल्ड-बग’ ही कथा १८४३ सालची आहे. तिचा थेट प्रभाव सिद्ध होत नसला, तरी हा कालक्रम दृष्टीआड करता येत नाही.

किडने पुरलेल्या धनाचा एक खरा दाखलाही आहे. १६९९ मध्ये अमेरिकेतील गार्डिनर्स बेटावर त्याने ठेवलेला ऐवज त्याच वर्षी अधिकाऱ्यांनी ताब्यात घेतला. १७०१ मध्ये लंडनला त्याला फाशी झाली. त्या ऐवजाचे कोणाला फारसे कुतूहल नाही. कुतूहल आहे ते न सापडलेल्या धनाचे, आणि ओक बेटावरील धनाचाही संबंध पुष्कळदा किडशीच जोडला जातो.

अपयशाला सामावून घेण्याची आख्यायिकेची शक्ती विलक्षण असते. सात बळी गेल्यावाचून धन लाभणार नाही, असे ओक बेटाबाबत सांगितले जाते. १८६१ मध्ये बाष्पक फुटून एक कामगार मरण पावला, १८९७ मध्ये दुसरा खड्ड्यात पडून. १९६५ मध्ये रॉबर्ट रेस्टॉल, त्यांचा मुलगा व दोन सहकारी विवरातील वायूने गेले. उत्खननातील धोक्याची ही नोंद आख्यायिकेत ‘सहा झाले, एक उरला’ अशी मोजणी होते, आणि शोध थांबविण्याचे कारणच तो चालू ठेवण्याचे कारण ठरते. १९६५ च्या चौघांपैकी तिघे आधी कोसळलेल्याला वाचविण्यासाठी खाली उतरले होते, हे या मोजणीत मावत नाही.