रंग कमी, घासणं जास्त

आमचं घर रत्नागिरीत, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. इथल्या खाऱ्या हवेत फाटकाच्या बिजागऱ्या, खिडकीचे गज, सायकलची चेन, सगळं लवकर तांबूस होतं. कारच्या अलॉय व्हीलमधून डोकावलं की तोच गंज ब्रेकच्या कॅलिपरवर दिसतो. कॅलिपर म्हणजे फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅड दाबून धरणारा, बहुतेक साध्या गाड्यांत ओतीव लोखंडाचा भाग. आमच्या आणि मित्रांच्या गाड्यांचे कॅलिपर मी घरच्या अंगणात रंगवत आलो आहे. त्यातून जे पक्कं झालं ते सांगतो.

१. पावसाळ्यात हे काम काढू नका. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. सकाळचं दव वाळलं की सुरुवात करावी, कारण दुपारनंतर समुद्रावरचा खारा वारा सुटतो. आदल्या दिवशी चाकांवर आतून-बाहेरून गोडं पाणी मारून घ्या. रंगाखाली मीठ राहिलं तर ते ओल ओढून घेतं आणि पुढच्या पावसात रंगाला फोड येतात.

२. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून चाकाशी बसू नका. जॅकने उचलायची, स्टँडवर टेकवायची, मग हात घालायचा. पुढचं चाक काढताना हँडब्रेक ओढलेला, गाडी पहिल्या गिअरमध्ये आणि मागच्या चाकांना ठोकळे. अंगण मातीचं असेल तर जॅक आणि स्टँड, दोन्हींखाली जाड फळी हवी.

३. सगळा जीव घासण्यात आहे. तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर, मग ब्रेक क्लीनरचा फवारा, आणि पुसायचं कापड काळं होईनासं होईपर्यंत हेच पुन्हा. गंजाचे पापुद्रे निघून घट्ट धातू लागला पाहिजे. रॉकेल किंवा डिझेलने धुण्याची पद्धत सोडा. त्याचा तेलकट थर मागे राहतो आणि त्यावर रंग धरत नाही, शिवाय पॅडवर गेलं तर ब्रेकच धरत नाही. चाकातली काळी भुकटी हवेच्या पंपाने उडवायची नाही. ती पॅडची झीज असते, आणि जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉसही असू शकतं. पाण्याने भिजवून पुसा, नाकावर मास्क ठेवा.

४. रंग कुठे लावायचा नाही, हे आधी ठरवा. मास्किंग टेप लावण्यात माझा सगळ्यात जास्त वेळ जातो आणि तो गेलाच पाहिजे.

पिस्टनभोवतीचा रबरी बूट मऊ राहायला हवा. रंगाने तो कडक होतो, तडकतो, मग पाणी आत जाऊन पिस्टन गंजतो आणि अडकतो. ब्लीडर निप्पलचं तोंड बुजलं तर पुढे ब्रेकमधली हवा काढता येत नाही. पॅडचे कान ज्या खाचेत सरकतात तिथे तर रंगाचा एक पातळ हातही नको. तिथली फट फार थोडी असते. पॅड अडकलं की ब्रेक सोडल्यावरही ते डिस्कला घासत राहतं, ते चाक तापतं, पेट्रोल जास्त जातं. आणि डिस्कचा जो भाग चाकाला टेकतो तो कोराच ठेवा. तिथला रंग उष्णतेने आणि दाबाने चेपतो, मग घट्ट आवळलेले नट सैल पडू शकतात.

५. घरातला ऑइलपेंट इथे चालत नाही. कुंभार्ली किंवा आंबा घाट उतरताना ब्रेक असे तापतात की साधा रंग पिवळा पडून सुटतो. कॅलिपरसाठीचा उष्णता सोसणारा रंगच घ्या आणि वाळण्याचे तास डब्यावर लिहिले असतील तेवढे द्या. काही रंगांना पक्कं होण्यासाठी उष्णता लागते, तेही तिथेच लिहिलेलं असतं. मी ब्रशने लावतो. स्प्रेचा तुषार किनाऱ्याच्या वाऱ्यात मडगार्डपर्यंत जातो. एका जाड हातापेक्षा दोन पातळ हात टिकतात.

६. लाल रंगाने ब्रेक सुधारत नाही. इटलीत १९६१ साली सुरू झालेल्या ब्रेंबोचे लाल कॅलिपर प्रसिद्ध आहेत. त्याच ब्रेंबोचे दुचाकीचे ब्रेक आज पुण्याजवळ चाकणला बनतात. पोर्शेच्या गाड्यांवर पिवळा कॅलिपर परंपरेने सिरॅमिक डिस्कची खूण मानला जातो. आपल्या गाडीला करडा घ्या की लाल, आवडीचा प्रश्न आहे. मला करडा आवडतो, त्यावर नवा गंज लगेच दिसतो.

७. चाक निघालंच आहे तर कॅलिपरच्या पिना बघा. कॅलिपर त्यांच्यावरच मागे-पुढे सरकतो. एका बाजूचं पॅड दुसऱ्यापेक्षा खूप झिजलेलं दिसलं तर पहिला संशय पिनांवर घ्यावा. त्यांना ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लागतं. साध्या ग्रीसने तिथलं रबर फुगतं. पिना काढायला कॅलिपर सोडवलात तर तो तारेने वर बांधा, ब्रेकच्या पाइपवर लोंबकळू देऊ नका. ब्रेकचा पाइप मात्र मी घरी कधीच सोडवत नाही. ब्रेक ऑइल रंग खातं आणि आत हवा शिरली तर पेडल मऊ पडतं. ते काम मेकॅनिकचं.

८. चाकं चढवल्यावर नट आडवे-तिरपे आवळा, शेवटचा जोर गाडी जमिनीवर आल्यावर, मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाने. मग इंजिन सुरू करून, गाडी जागची हलवण्याआधी, ब्रेकचं पेडल कडक लागेपर्यंत दाबत राहा. पॅड मागे सरकलेली असतील तर पहिल्या दाबाला पेडल थेट खाली जातं, आणि ते रस्त्यावर कळून उपयोग नाही. पहिली फेरी घरासमोरच्या मोकळ्या रस्त्यावर, हळू, दोन-चारदा ब्रेक लावून. शंभरेक किलोमीटर झाले की नट पुन्हा एकदा तपासा.