पापड, पाऊस आणि दुकानाचा वेळ



मागच्या रविवारी कमठाण्यात आम्ही बसलो असताना एका ताईंनी विचारलं, "यांचं दुकान सकाळी सातला उघडतं, रात्री दहाला बंद होतं, तरी कामं उरतातच. वेळ जातो कुठं?" आपल्या परिवारात कुणाचं किराणा आहे, कुणाची पिठाची गिरणी, कुणाचं शिवणकाम. प्रश्न सगळ्यांचाच. म्हणून या वेळचा अभ्यास यावर.

लिज्जत पापड आपण सगळे खातो. 15 मार्च 1959 रोजी मुंबईत गिरगावातल्या सात गुजराती गृहिणींनी 80 रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. पावसाळा आला आणि पापड वाळेनात, चार महिने काम बंद. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी घेतली. खाटेवर पापड, खाली शेगडी. झालं! वर्षातले चार महिने परत मिळाले.

आपण वेळेचं नियोजन म्हटलं की वही घेतो आणि पहाटे पाचपासून वेळापत्रक आखतो. त्या बायकांनी काम नेमकं कुठं अडतंय ते बघितलं. लाटणं अडत नव्हतं, वाळवणं अडत होतं.

हे आम्ही स्वतः ठेच लागल्यावर शिकलो. दोन वर्षांपूर्वी आम्ही काही जणींनी लग्नसराईत पापड-कुरडयांची ऑर्डर घेतली. पहाटे चारला उठायचो, त्याचाच अभिमान. उडीद आपल्या भागातलाच, पण पापडखार आणायला बिदरला एक फेरी, पिशव्या संपल्या म्हणून दुसरी, लेबलं राहिली म्हणून तिसरी. त्यात अवकाळी पाऊस. माल आठ दिवस उशिरा गेला, दुकानदारानं अर्धाच घेतला. त्याचं तरी काय चुकलं? लग्नं होऊन गेली होती. आमच्यातल्या एका ताईंनी पाटल्या गहाण ठेवून डाळ घेतली होती, त्या सोडवायला वर्ष लागलं.

लिज्जतची रोजच्या हिशेबाची पद्धत आम्हाला खाट-शेगडीपेक्षाही मोलाची वाटते. सकाळी केंद्रावरून मळलेलं पीठ घ्यायचं, घरी लाटायचं, दुसऱ्या दिवशी वाळलेले पापड वजन करून द्यायचे आणि मजुरी घ्यायची. काही साचत नाही. आपल्याकडं दुकानदाराची अख्खी संध्याकाळ उधारीच्या फोनात जाते. उधारी बहुतेक नात्यातलीच, म्हणजे वेळही जातो आणि तोंडही वाईट होतं.

धंदा वाढवायचा तर? लिज्जतचीही मालाडची शाखा 1961 साली चालली नाही. पण 1968 साली गुजरातेत वालोडला शाखा निघाली आणि पुढं देशभर निघत गेल्या. पीठ, लाटणं, वजन, मजुरी ही रीत सगळीकडं एकच, त्यामुळं मालकानं प्रत्येक गावी धावायची गरज नाही. 2017 पासून बिदर-कलबुर्गी रेल्वे आहे, हैदराबाद जवळ आहे, उदगीर-भालकी तर घरचीच. गिऱ्हाईक मिळेल. पण मालक बाहेर गेला की दुकान कोण बघणार, कुठल्या भावानं देणार, हे आधी लिहून ठेवलेलं पाहिजे. बहुतेक घरांत त्या वेळी घरच्या बाईला गल्ल्यावर बसवतात आणि तिचा वेळ कुठंच मांडत नाहीत. (दादांनो, रागावू नका, पण तोही हिशेबात धरा.)

प्रश्न विचारणाऱ्या ताईंनी आठ दिवस कॅलेंडरच्या मागच्या बाजूला नोंद केली. मालासाठी आठवड्यात चार वेळा बिदर! आता गुरुवारी एकच फेरी, यादी बुधवारी रात्री होते. राहिलेल्या तीन दुपारी दादा दुकानातच असतात.

तुम्हीही आठ दिवस लिहा. धंद्यासाठी कितीदा बाहेर गेलो, कशासाठी, उधारीला किती वेळ गेला, एवढंच. कागद पुढच्या रविवारी सोबत आणा, मिळून बघू.